११२ ग्रॅमचा नर ‘जायंट’ म्हणून विकू का? आणि आधी विकलेल्या सात पिल्लांचं काय करू?

तासगाव_बागायतदार

मंडळी नमस्कार. विषय जरा वेगळाय. इथं बैल, मेंढ्या, कबुतरं आणि फिशटँकवाले जास्त आहेत हे माहितेय, पण मराठीत विचारायला दुसरी जागा नाही आणि मनाला लागून राहिलंय म्हणून लिहितोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

माझी ताई आणि दाजी टेक्सासला असतात, ह्यूस्टनच्या बाजूला. दाजी गेली सहा वर्षं लेपर्ड गेको पाळतात, अंडी काढतात, पिल्लं वाढवून विकतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही पालच, पण आपल्या घरातल्यासारखी भिंतीवर चढत नाही कारण बोटांना चिकटायचे पॅडच नसतात, हिला पापण्या असतात, डोळे मिटून झोपते, आणि शेपूट गाजरासारखी जाड कारण चरबी तिथं साठवते. तिकडं हे रीतसर चालतं, एक्स्पोत, म्हणजे अशा प्राण्यांच्या प्रदर्शनात, टेबलं लावून विकतात. मी इकडं रात्री बागेतलं काम आवरलं की त्यांच्या वेबसाइटचं बघतो. फोटो लावणं, वजनाची एक्सेल शीट, आणि प्रत्येक जनावराखाली चार ओळी लिहिणं. म्हणजे शब्द माझ्या हातचे असतात, म्हणून त्रास मला होतोय.

झालं असं की दाजींनी दोन वर्षांपूर्वी एका एक्स्पोतून एक मोठा नर घेतला, विकणाऱ्यानं ‘सुपर जायंट’ म्हणून दिला, ४०० डॉलर मोजले, साध्या पिल्लाच्या कितीतरी पट. कागद काही नाही, डब्यावर मार्करनं लिहिलेलं तेवढंच. तो साध्या माद्यांवर लावला. अकरा पिल्लं झाली. सात आम्ही दोन-अडीच महिन्यांची असताना विकली, आणि मी त्यांच्याखाली ‘जायंट’ असं लिहिलं कारण बाप सुपर असला तर सगळी पिल्लं जायंट होणारच असं दाजींना त्या माणसानं सांगितलं होतं आणि आम्ही ते धरून चाललो.

चार ठेवली. आता वर्ष उलटून गेलंय. एक नर, दाजी त्याला वस्ताद म्हणतात, ११२ ग्रॅम. बघत राहावं असं जनावर आहे, ताईच्या तळहातावर ठेवला की पुढचे पाय बोटांच्या टोकाला आणि शेपूट मनगटाच्या मागं लोंबते. पण बाकीची तीन... नर ७४, माद्या ५८ आणि ६१. हे एकाच बापाचे.

आता वस्तादला तीन गिऱ्हाइकं विचारतायत. दाजी म्हणतात जायंट लिही, नव्हे सुपर जायंट लिही, काटाच बोलतोय की. मला लिहवत नाही. माझे प्रश्न दोन आहेत, वस्तादखाली काय लिहू, आणि त्या सात जणांना काय सांगू ज्यांनी माझ्या शब्दावर जादा पैसे मोजलेत.

मिरज_मत्स्यघर

भाऊ मी बेटा, म्हंजे शोभेचे फायटर मासे करतो, जायंट बेटा पण केलेत. तुमचं दुःख कळतंय पण एक सांगू का, जनावर मोठं आहे ना? मग मोठं लिहा. जायंट म्हंजे मोठा. आमच्याकडं दुकानात किंग बेटा म्हणून विकतात, गिऱ्हाईक टँकमध्ये डोळ्यानं बघतं आणि घेतं, कुणी जीन विचारत नाही. तिकडं शेजारच्या टेबलवाला सुपर जायंट लिहून बसलाय आणि तुम्ही साधा नर लिहिलं तर तुमचं जनावर पडून राहील, खाणं तर रोज घालावंच लागतंय. धंद्यात शब्द लागतो.

आदत_दुसा_चौसा

पुसेगावजवळचा आहे, पालीतलं मला काय कळत नाही पण खोंडातलं कळतंय. पयला प्रश्न, ११२ हे वजन कितव्या महिन्याचं? तुम्ही वर्ष उलटलं म्हणालात, म्हंजे किती? आमच्यात शर्यतीला आदत (दुधाचे दात न पडलेला) गट वेगळा, दुसा (दोन दाती) वेगळा, चौसा (चार दाती) वेगळा. आधी ओठ वर करून दात बघायचे, मग बैलाकडं बघायचं. चार दाती बैल आदतात घुसवला तर तो पळणारच की, त्यात त्याचं काय कौतुक. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बाजारात उभा राहिलो तरी आमचे वडील आधी तोंडच उघडायला लावायचे, मालक कितीबी सांगू दे. वय सोडून वजन सांगणं ही अर्धी गोष्ट झाली. तुमच्या पालीला दातावरनं वय कळत नसेल तर वहीच लागणार. ती हाय का?

तासगाव_बागायतदार

आदत भाऊ, बरोबर जागी बोट ठेवलंत. वही आहे, शीट आता उघडली. वस्ताद आज १७ महिन्यांचा आहे. बाराव्या महिन्याला ९७ होता. बाकीच्या तिघांची जी वजनं दिली ती बाराव्या महिन्याचीच आहेत, मी वस्तादचंच तेवढं आजचं वजन लिहिलं, मुद्दाम नाही पण झालं खरं.

लेस्टरचा_सातारकर

मी मूळचा कोडोलीचा, इंग्लंडात लेस्टरला बारा वर्षं लेपर्ड गेको पाळतोय. सविस्तर लिहितो कारण ह्या एका शब्दानं मीही एकदा पोळलोय.

पहिली गोष्ट म्हणजे हा शब्द आला कुठून. टेक्सासचेच रॉन ट्रेम्पर, ट्रेम्पर अल्बिनो (काळा रंग नसलेला फिका प्रकार) ज्यांच्या नावावर आहे ते. त्यांच्याकडं काही पिल्लं बाकीच्यांपेक्षा फारच मोठी होत गेली, त्यांना त्यांनी जायंट नाव दिलं, आणि मूस नावाचा त्यांचा नर पहिला सुपर जायंट म्हणून गाजला. २००० सालाच्या आसपासची गोष्ट. तेव्हापासून जे माप चालत आलंय ते असं की बरोबर एक वर्षाच्या वयाला नर ८० ते १०० ग्रॅम आणि मादी ६० ते ९० ग्रॅम असेल तर जायंट, त्याच्या वर गेलं तर सुपर. लक्षात घ्या, एक वर्षाला. म्हणजे आदत भाऊंनी न बघता जे सांगितलं तेच ह्या मापाच्या मुळाशी आहे. त्या हिशोबानं तुमचा वस्ताद ९७ वर जायंटच्या मापात बसतो, सुपरच्या नाही. आज ११२ आहे म्हणून सुपर लिहिलं तर ते चूकच.

आता मुख्य अडचण. तेव्हा असं सांगितलं गेलं की हा एकच जीन आहे, एक प्रत आली की जायंट, दोन आल्या की सुपर जायंट. हे खरं धरलं तर हिशोब सरळ आहे, सुपर नर साध्या मादीला लावला की प्रत्येक पिल्लाला एक प्रत जाणारच, म्हणजे सगळी जायंट. जायंट गुणिले साधी केलं तर निम्मी जायंट. जायंट गुणिले जायंट केलं तर पाव सुपर, निम्मी जायंट, पाव साधी. दाजींना त्या माणसानं हेच सांगितलं असणार. पण तुमचीच शीट बघा. ५८ ची मादी मापाखाली आहे, ७४ चा नर मापाखाली आहे, ६१ ची मादी उंबऱ्यावर आहे, तेवढं तर चांगलं खाल्लेली साधी मादीही भरते. चारातली दोन सरळ नापास. म्हणजे एकतर बाप सुपर नव्हता, नाहीतर तो एकच-जीनवाला हिशोब इतका सरळ नाही. मला विचाराल तर दुसरं जास्त खरं आहे. एकच जीन असता तर शंभर पिल्लं वाढवल्यावर तीन वेगळे ढीग पडले असते, साधी, जायंट, सुपर, मध्ये मोकळी जागा. तसं होत नाही. ५० पासून ११० पर्यंत एक सलग उतार दिसतो आणि कुठं रेघ मारायची ते माणूस ठरवतो. म्हणून आज बरेच पाळणारे म्हणतात की हे अनेक जीन मिळून होतं, पिढ्यानपिढ्या मोठ्याला मोठी लावून वाढवलेलं. गॉडझिला म्हणून जी लाइन विकली जाते ती अशीच एका प्रचंड नराच्या वंशातून निवडून निवडून काढलेली आहे.

अल्बिनोच्या बाबतीत बघा, ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर असे तीन वेगळे अल्बिनो आहेत, दिसायला सारखे पण एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. ट्रेम्परला बेल लावला तर पिल्लं साधी निघतात. तिथं नुसतं ‘अल्बिनो’ लिहून विकलं तर पुढच्या माणसाची दोन वर्षं वाया जातात. पण निदान तिथं जनावर अल्बिनो आहे की नाही ते अंडं फुटल्या दिवशी दिसतं. जायंटचं तसं नाही, अंड्यातून बाहेर येतं तेव्हा पिल्लू असतं तीनेक ग्रॅमचं, सगळी सारखीच. दोन महिन्यांच्या पिल्लाखाली जायंट लिहिणं म्हणजे जे अजून झालंच नाही त्याचे पैसे घेणं. तुमच्याकडून नकळत झालं, पण झालं ते हेच.

अजून एक, नवीन माणसाचा ‘जायंट गेको’ ह्या शब्दानं वेगळाच गोंधळ होतो. न्यू कॅलेडोनियाची लिचियानस नावाची जात आहे, तिला जायंट गेको म्हणतात आणि आज जिवंत असलेल्या गेकोंत ती सगळ्यात मोठी. मादागास्करची हिरवीगार जायंट डे गेको आहे. त्या जातीच मोठ्या आहेत, तिथं जायंट हे नाव आहे. लेपर्ड गेकोखाली लिहिलं की तो दावा होतो.

मिरज_मत्स्यघर

काका माहिती भारी दिलीत. पण मग कुणीच जायंट लिहू नये का? ज्यानं पंधरा वर्षं घालून मोठी लाइन काढली त्यानं काय करायचं, त्याच्या कष्टाला नाव नको?

गलाई_विटा

मिरजकर, मी गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, विट्याचा, सध्या कोईमतूरला. तुमच्या प्रश्नाला आमच्या धंद्यातलं उत्तर देतो. सोनं घेऊन माणूस आला की तो सांगतो बावीस कॅरेट आहे, आजीचा दागिना आहे. आम्ही नको म्हणत नाही. ऐकून घेतो आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढतो. जेवढा टंच निघाला तेवढ्याचे पैसे. नावाला विरोध नाहीच, पण नावाच्या मागं टंच पाहिजे. ज्यानं पंधरा वर्षं घातलीत त्याच्याकडं पंधरा वर्षांची वजनं असतील, आई बाप आजे सगळ्यांची, त्यानं ती दाखवावीत आणि खुशाल जायंट लाइन म्हणावं. ह्यांच्याकडं मार्करनं लिहिलेला डबा आहे.

डॉ_कराड

मी पशुवैद्यक आहे, रोजचं काम गाई-म्हशींचं, पण मुंबईत असताना सरपटणारे प्राणी बरेच हाताळले. वजनाबद्दल बोलायचंय, कारण ‘काटाच बोलतोय’ हे वाचून काळजी वाटली.

काटा वजन सांगतो, आकार सांगत नाही. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवते, शेपूट भरली की पोटात, आणि पुढच्या पायांच्या बगलेत दोन मऊ फुगे दिसायला लागतात. दाजींना म्हणावं वस्तादला काचेवर ठेवून खालून फोटो काढा आणि बगला बघा. वॅक्सवर्म, म्हणजे खाऊ म्हणून घालतात त्या चरबीदार अळ्या, कंदी पेढे समजा, एक दोन ठीक, रोज घातले तर वजन झरझर चढतं आणि चरबी यकृतात जाते. मी अशी एक मादी पाहिली होती, मालक अभिमानानं सांगत होते नव्वद ग्रॅम, आणि तिला चालताना पोट जमिनीवरून उचलत नव्हतं. ती वाचली नाही. आकड्याच्या मागं लागून जनावराला खायला घालणं हे मला बघवत नाही, म्हणून एवढं स्पष्ट लिहिते.

मग मोजायचं कसं? लांबी मोजा, नाकाच्या टोकापासून गुदद्वाराच्या चिरेपर्यंत. शेपूट धरू नका, कारण शेपूट एकदा तुटून परत आली की ती आखूड आणि कंदासारखी जाड येते, मग लांबीही फसवते आणि वजनही. पारदर्शक डब्याखाली आलेख कागद ठेवला की मोजमाप सोपं जातं आणि फोटोत पुरावाही राहतो. वजन दोन दिवस खायला न घालता आणि शी झाल्यावर घ्या. मादीचं वजन घेताना पोटात अंडी आहेत का बघा, एका वेळी दोन अंडी असतात आणि ती वजनात चांगली भर टाकतात. लांबी जास्त आणि अंगकाठी आटोपशीर असेल तर जनावर खरंच मोठं आहे. लांबी नेहमीची आणि वजनच जास्त असेल तर ते फक्त जाड आहे.

आणि नावाबद्दल एक. लेमन फ्रॉस्ट नावाचा सुंदर पिवळसर प्रकार आला होता, महागडा, सगळे मागं लागले. नंतर त्या जनावरांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी यायला लागल्या. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाच्या संशोधकांनी तो जीन शोधून काढला, २०२१ साली प्लॉस जेनेटिक्स ह्या शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं, दहातल्या आठांहून जास्त जनावरांना गाठी होतात असं निघालं. तो अभ्यास होऊ शकला कारण पाळणाऱ्यांनी प्रत्येक पिल्लाचा बाप कोण आई कोण हे लिहून ठेवलं होतं. तुमची एक्सेल शीट तशीच जपा.

तासगाव_बागायतदार

डॉक्टर मॅडम, सातारकर काका, गलाई भाऊ, मनापासून आभार. दोन दिवस गप्प होतो कारण दाजींशी बोलणं चाललं होतं.

मॅडमचं वाचताना मला आमची बागच डोळ्यासमोर आली. इथले द्राक्षवाले समजतील. एक्स्पोर्टला मणी सोळा एमएमच्या वर लागतो, मग आपण काय करतो, जीए मध्ये, म्हणजे मणी फुगवायच्या संजीवकात, घड बुडवतो, विरळणी करतो, मणी फुगतो. म्हणून काय त्या वेलीची काडी नेऊन दुसऱ्यानं कलम केलं तर बुडवल्याशिवाय तसाच मणी येणार का? नाही येणार, कारण तो मोठेपणा माझ्या हातचा आहे, काडीतला नाही. आणि तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात बघा, थॉमसन जातीमध्येच निघालेली, आपल्याच तालुक्यातल्या बोरगावची, ती मात्र काडीतून येते, कुठंही लावा तास-ए-गणेशच. म्हणून तिला नाव आहे. मी वस्तादला जायंट म्हणतोय तेव्हा कोणतं सांगतोय, बुडवलेला घड का काडी? मला माहीत नाही, दाजींनाही नाही. आणि घेणारा तर त्याची पिल्लं काढायलाच घेणार. हे दाजींना असंच फोनवर सांगितलं, तेही ह्याच मातीतले, लगेच पटलं. आधी चिडले होते, चारशे डॉलर घातलेत म्हणाले, ते खरंय, पण ती आमची फसवणूक झाली म्हणून आम्ही पुढच्याची करायची असं होत नाही.

काल ताईनं किचनचा काटा काढला, डबा ठेवून शून्य केलं, वस्ताद दोन दिवस उपाशी होता, १०७ भरला. म्हणजे पाच ग्रॅम नुसते पोटातले होते! लांबी आलेख कागदावर साडेचौदा सेंटिमीटर, शेपूट सोडून. बगलेत थोडे फुगे आहेत. लहान आहेत पण आहेत. ताईच्या मुलानं वॅक्सवर्मचा डबा दाखवला, तो लाडानं रोज घालत होता बिचारा.

लेस्टरचा_सातारकर

साडेचौदा म्हणजे खरंच मोठं जनावर आहे, मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडचे मोठे झालेले नर बारा तेरात असतात.

एक विचारतो, अंडी किती तापमानाला ठेवली होती? लेपर्ड गेकोत नर-मादी अंड्याच्या उबेवर ठरतं, २६-२७ डिग्रीला जवळपास सगळ्या माद्या, ३२ च्या आसपास बहुतेक नर, आणि अजून वर नेलं की परत माद्या. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेत ह्यावर वर्षानुवर्षं काम झालंय, त्यात असंही दिसलं की ती ऊब पुढं मोठेपणी जनावराची वाढ आणि वागणं ह्यावरही परिणाम करते. म्हणजे दोन भाऊ वेगळे वाढले तर त्यात बापाशिवाय इनक्युबेटरचाही हात असू शकतो. तो आकडा वहीत नसेल तर पुढच्या वेळेपासून लिहा.

आणि त्या सात जणांना कळवा. मी कळवलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी मी तीन पिल्लं ‘जायंट’ म्हणून दिली, असाच दुसऱ्याच्या शब्दावर. त्यातला एक मुलगा कॉलेजचा होता, त्यानं पुढं त्याची पिल्लं काढून तीही जायंट म्हणूनच विकली आणि दोन वर्षांनी लोकांनी त्याला धारेवर धरलं. तो मला एक शब्दही बोलला नाही, मेसेज केला फक्त, काका तुमच्याकडं आईबापाची वजनं आहेत का. माझ्याकडं नव्हती. ते अजून टोचतं.

मिरज_मत्स्यघर

बरं मी पण सांगतो. मी वर जे लिहिलं ते दुकानात समोर बघून घेणाऱ्याच्या हिशोबानं लिहिलं, शोभेला नेणाऱ्यासाठी. ब्रीडिंगला जोडी नेणारा असला की मीही सांगतो हा हाफ जायंट आहे, पिल्लं सगळी मोठी निघणार नाहीत. लहान पिल्लं तर मी जायंट म्हणून देतच नाही, चार महिने थांबतो. पालीच्या बाबतीत घेणारे बरेचसे ब्रीडिंगवालेच असतील तर तुमचं बरोबर आहे.

मध्येच एक विचारतो, ही पाल इकडं मिळेल का? सांगलीत कुणी बघितलीय का?

डॉ_कराड

मिरजकर, कृपया त्या वाटेला जाऊ नका. लेपर्ड गेको मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य भारताच्या कोरड्या डोंगरातली, आणि महाराष्ट्राच्या खडकाळ माळांवर तिची भावकी आहे, युब्लेफॅरिस फस्कस. रात्री पावसाच्या सुरुवातीला रस्त्यावर येते. अंगावर ठिपके बघून लोक विषारी समजून ठेचतात. ती अजिबात विषारी नसते, आपल्या देशातली कुठलीच पाल विषारी नाही. रानातलं जनावर धरणं, ठेवणं, विकणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहे, १९७२ चा कायदा, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झालीय आणि परदेशी प्राण्यांवरही नियम आले आहेत. कुणी ‘जायंट पाल, लाखात जाते’ म्हणून फोन केला तर वनखात्याला कळवा. माळावर दिसली तर लांबून बघा, फोटो काढा, जाऊ द्या.

आदत_दुसा_चौसा

मॅडम ही पाल आमच्याकडं वर्धनगडाच्या बाजूला बघितलीय मी लहानपणी, वडिलांनी काठी उचलली होती. आता घरी सगळ्यांना सांगतो.

बागायतदार, मग काय लिवलं शेवटी?

तासगाव_बागायतदार

आदत भाऊ, इंग्रजीत लिहिलंय, त्याचा मतलब मराठीत असा:

‘नर. वय १७ महिने. १२ व्या महिन्याला ९७ ग्रॅम, आज १०७ ग्रॅम, दोन दिवस उपाशी ठेवून. शेपूट सोडून लांबी साडेचौदा सेंटिमीटर, आलेख कागदावरचा फोटो सोबत. बाप सुपर जायंट म्हणून विकत घेतला, त्याची वर्षाची नोंद आमच्याकडं नाही. आई साधी, ६२ ग्रॅम. सख्खी-सावत्र भावंडं वर्षाला ७४, ६१ आणि ५८ ग्रॅम. ह्याची पिल्लं मोठी होतील असं आम्ही सांगू शकत नाही. सध्या थोडं वजन जास्त आहे, खाणं कमी केलंय.’

जायंट शब्द आहे, पण बापाच्या ओळीत, आणि तो कुणी म्हटलंय तेही तिथंच आहे. किंमत दाजींनी निम्म्यावर आणली. तीन गिऱ्हाइकांतलं एक गेलं, त्याला सुपर जायंटच पाहिजे होता. एकानं मात्र परत मेल करून भावंडांचे फोटो मागितले, म्हणाला एवढं सगळं लिहिलेली जाहिरात बघून बरं वाटलं.

सात जणांना परवा मेल टाकले. मी मसुदा केला, दाजींनी स्वतःच्या नावानं पाठवला. लिहिलं की तुम्हाला जायंट म्हणून दिलेलं पिल्लू जायंट असेल ह्याची आम्हाला खात्री नव्हती, तरी लिहिलं, चूक आमची, जादा घेतलेले पैसे परत हवे असतील तर देतो, आणि शक्य असेल तर आजचं वजन कळवा. चौघांचं उत्तर आलंय. एकाची मादी अकराव्या महिन्याला ६४, एकाचा नर वर्षाला ७१. एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या मुलीनं त्या पिल्लाचं नाव बटर ठेवलंय, वजन कितीही असू दे, पैसे नकोत. चौथ्यानं पैसे मागितले आणि दोन शब्द ऐकवले, दाजींनी त्याच दिवशी पाठवले. तिघांचं अजून काही नाही. ज्याच्याकडून बाप घेतला त्यालाही दाजींनी साधा मेसेज केलाय, त्याच्या आईबापाची वजनं आहेत का म्हणून, सातारकर काकांना त्या पोरानं केला होता तसाच. उत्तर नाही.

काका, तापमान लिहिलेलं नव्हतं. ह्या हंगामाची पहिली दोन अंडी सोमवारी आली, इनक्युबेटरच्या झाकणावर ताईनं पांढरी पट्टी चिकटवून तारीख, आई, बाप आणि ३२ डिग्री असं मराठीतच लिहिलंय, त्याचा फोटो पाठवला मला.

डॉक्टर मॅडम, एक राहिलं. वॅक्सवर्म बंद करून पाच दिवस झाले, नुसते किडे टाकतोय तर वस्ताद रुसल्यासारखा करतोय, किडा समोरून गेला तरी मान वळवतो आणि परत बिळात. हे चालेल का अजून काही दिवस? शनिवारी परत काट्यावर ठेवतो आणि आकडा इथं टाकतो.

डॉ_कराड

चालेल. शेपूट भरलेली आहे, तेवढ्यावर तो दोन आठवडे सहज काढेल. पाणी रोज बदला आणि त्याच्या बिळाखालची जागा ३१-३२ डिग्री गरम आहे ना ते बघा, पोटाला ऊब नसली तर खाल्लेलं पचत नाही आणि मग तोंड फिरवतात. मुलाला रागावू नका, त्यालाच किडे टाकायला लावा, एक दिवसाआड. शेपूट बारीक व्हायला लागली तर मात्र लगेच लिहा.